उन्हाळी काम

मे संपेपर्यंत सदतीस अर्ज.
एकतीस जणांनी उत्तर दिलं नाही,
सहा जणांनी मनापासून आभार मानले.
आभार मानण्यात आमच्या ओउलू शहराचा
हात कुणी धरणार नाही.

युसु कागद कारखान्यात, रात्रपाळीला.
इंकेरी दफनभूमीत फुलझाडं लावते.
तिथंसुद्धा मला जागा नव्हती,
असं आईला फोनवर म्हणालो.
ती हसली,
मग हसल्याबद्दल गप्प झाली.

इथं जूनमध्ये अंधार पडत नाही.
मध्यरात्री सूर्य समुद्राला टेकतो,
टेकल्यासारखं करतो
आणि उठतो.
नोकरी असलेल्यांना हे फार सुंदर दिसतं.
मला वाटतं, दिवस संपला
असं कुणीतरी जाहीर तरी करा,
म्हणजे मला झोपायला कारण मिळेल.

म्हणून सायकल काढतो.
लोक बागेत पिऊन, गाऊन घरी गेलेले,
गवतात डबे, बाटल्या.
डब्याला पंधरा सेंट, मोठ्या बाटलीला चाळीस.
सकाळी दुकानातल्या यंत्रापुढे उभा राहतो.
ते एकेक बाटली आत घेतं,
फिरवून बघतं, क्षणभर विचार करतं.
माझ्या बाटल्या
बहुतेक निवडल्या जातात.

एकदा पुलाखालच्या कुंडीपाशी
एक म्हातारा भेटला, हातगाडीवाला.
काही बोलला नाही.
कुंडीवर त्याचं नाव नव्हतं,
पण त्याची काठी नेमकी तिच्या तोंडात जाईल
एवढीच होती, घासून गुळगुळीत झालेली.
मी सायकल वळवली.
त्यानंतर त्या बाजूला गेलो नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आउनेबाईंनी
जिन्यात अडवलं. वय शहाऐंशी.
"तू रिकामाच असतोस ना?"
यात टोमणा नव्हता. चौकशी होती.
त्यांना सतरंज्या धुवायच्या होत्या,
नदीवर, धक्क्यावर, जशा दर उन्हाळ्यात धुतात,
पाइनच्या साबणानं, उभ्या ब्रशनं.
भिजलेली सतरंजी माणसाएवढी जड होते.
खांद्यावर घेतली की
पाण्यात बुडालेल्या कुणाला तरी
बाहेर काढल्यासारखं वाटतं.

चिंध्यांची विणलेली. पट्टे.
"हा निळा एनसियोचा, टपालखात्यातला सदरा.
हा पिवळा माझा झगा. नाचायला जायचे तेव्हाचा.
हा करडा कुणाचा, आठवत नाही."
मी करड्यावर जोर लावला.
"तिथं हळू," त्या म्हणाल्या.

वीसची नोट पुढे केली. मी नको म्हणालो.
"मग याला काम म्हणू नकोस," म्हणाल्या,
नोट पाकिटात नीट घडी करून ठेवली
आणि मला वेलदोड्याचा पाव दिला,
परवाचा, थोडा कडक.
डास चावत होते. आम्ही खाल्ला.

वाळायला तीन दिवस लागले.
लाकडी कठड्यावर टाकलेल्या सतरंज्या
उलट्यासुलट्या कराव्या लागतात,
हे कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं.
रात्री बाराला जायचो, पहाटे चारला जायचो.
उजेड दोन्ही वेळा सारखाच.
नदीकडचा पट्टा ओला राहायचा.
घड्याळ लावून उठण्याजोगं
माझ्यापाशी काहीतरी होतं.
चौथ्या दिवशी त्या घरी पोचवल्या
आणि पुन्हा काही नव्हतं.

जुलैबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.
रानातल्या ब्लूबेरी. दोन पुस्तकं अर्धी.
अडतिसावा अर्ज.
आई विचारायची, काय चाललंय.
मी म्हणायचो, चाललंय.

ऑगस्टात एका रात्री
पानावरची ओळ नीट दिसेना.
डोळे चोळले, पुस्तक जवळ धरलं.
अंधार पडलाय
हे लक्षातच आलं नाही किती वेळ.
खाली आउनेबाईंच्या खिडकीत दिवा लागला,
त्याची चौकट समोरच्या बर्चवर पडली.
मग मीही उठलो, बटण शोधलं.
ते कुठं असतं
हे हात विसरला होता.