सात नंबर

सकाळी नऊच्या आत उरकावं लागतं.
फर्मागुडीच्या चढावर कदंबा गिअर बदलते
तेव्हा माझ्या डाव्या मुठीत एक उंदरीण असते,
दोनशे दहा ग्रॅम, शेपटीच्या मुळाशी
पिक्रिक ॲसिडचा पिवळा पट्टा.

ड्रॉपरमधलं मिठाचं पाणी, एक थेंब आत,
तोच थेंब परत, काचपट्टीवर.
निळ्या रंगात बुडवलं की तिचा आजचा दिवस दिसतो:
गोल, ठळक केंद्राच्या पेशी, म्हणजे प्रोइस्ट्रस.
चपट्या, कडा मोडलेल्या, भाताच्या कोंड्यासारख्या,
म्हणजे इस्ट्रस; आज ती नराला जवळ येऊ देईल.
नर मी ठेवलेला नाही.
सगळं मिसळलं की मेटइस्ट्रस,
आणि नुसत्या पांढऱ्या पेशी, बारीक, दाट,
तो डायइस्ट्रस. विसावा, असं पुस्तकात आहे.

सलाइनच्या पिंजऱ्यात हे चक्र चार दिवसांत फिरतं,
म्हापशाला शुक्रवार येतो तसं.
निकोटिनच्या पिंजऱ्यात
सात नंबर अडकली आहे.
वहीत नऊ दिवस एकच अक्षर:
डी, डी, डी.
नवव्यावर पेन जरा जास्तच टेकलं.

कोंडा बदलायला शेवंती वेळीप येते, बेतोड्याहून.
आधी मागच्या नळावर मशेरी लावते,
चूळ भरते, मग हातमोजे.
तर्जनी काळी, ती मोज्यातूनही दिसते असं मला वाटतं.
आज ती माझ्या वहीपाशी थांबली.
तिला इंग्रजी येत नाही, पण एकच अक्षर नऊदा
कुणालाही वाचता येतं.

"बाय, हिची पाळी चुकल्या?"

उंदरांना पाळी नसते, मी म्हणणार होते.
"तशीच काहीशी," म्हटलं.
"कितें दितात तिका?"
"तंबाखूतलं असतं ना, ते. थोडं."
तिचा हात कमरेच्या डबीवर गेला,
मग डबी तिथे नाहीच अशा थाटात पदर सारखा केला.
"कितलें थोडें?"

किलोमागे मिलिग्रॅम माझ्या तोंडावर होते.
तिचं वजन मला ठाऊक नव्हतं.

लग्नाला चौदा वर्षं झाली. फोंड्याच्या डॉक्टरने
नवऱ्याचं विचारलं, थायरॉइडचं विचारलं,
कुलदेवतेचंसुद्धा विचारलं, ती सांगते.
"हें केन्नाच विचारूंक ना."

एका उंदरिणीवरून बाईचं काही ठरत नाही.
बारांवरूनही नाही. हे मी तिला सांगितलं,
माझ्या गाइडच्या आवाजात, आणि ते खरंच आहे.
तिने ऐकून घेतलं. मग, कोंड्याची गोणी उसवत,
"बंद केल्यार परतून येता?"

त्यासाठी वेगळा गट लागतो.
औषध थांबवून पुढे महिनाभर रोज थेंब.
मी मागितलाच नव्हता. परवानगी बारांची,
एकविसाव्या दिवशी सगळ्यांची अंडाशयं
चिमट्याने उचलून तराजूवर.

"बघितलं नाही," मी म्हटलं.

शेवंतीने सात नंबरच्या पिंजऱ्यात
दोन मुठी जास्तीचा कोंडा टाकला.
नियमात बसत नाही.
उंदरीण त्यात नाकापर्यंत बुडाली
आणि मी ते वहीत लिहिलं नाही.