भिजत घोंगडं

एलिसेओनं टेबलावरची ताटं सरकवून नकाशा पसरला.
तीन कोपऱ्यांवर वजनं: मिठाची बरणी,
चष्म्याचं घर, लसणाचा गड्डा.
चौथ्यावर माझा हात, कारण मी तिथे होतेच.

मालपिका ते फिस्तेर्रा.
उसवलेल्या शिवणीसारखा आतबाहेर किनारा.
एकतीस वर्षं यानं ह्या रस्त्यावर बस हाकली
आणि रात्रीला रोज घरी आला.
गावं याला मिनिटांत ठाऊक.
कोर्मे? चार. मासळीच्या टोपल्या टपावर चढायच्या.
कामारिन्यास? सात. लेस विणणाऱ्या बायका
आपापसातला हिशेब मिटल्याशिवाय चढत नसत.
मुशीआ? दोनच. वारा दार लावू द्यायचा नाही.

मी म्हटलं, मिनिटं पुरे झाली.
मला सकाळी उठून
दुसऱ्या कुणाची तरी वाळत घातलेली धुणी बघायचीत.

दीपगृहापाशी हॉटेल आहे म्हणाला. मी फोन लावला.
समुद्राकडच्या खोलीला वीस युरो जास्त.
बाई, समुद्र मी साठ वर्षं फुकट बघतेय,
मागची द्या, कोबीच्या वाफ्याकडची.
ती हसली, नाव लिहून घेतलं: दोसिंदा, दोन माणसं.
मग आत डोंगराकडे, नदीकाठची जुनी गिरणी.
तिथे लाटांचा आवाज नाही, झोप कशी लागणार, हा म्हणे.
मी घोरेन की, म्हटलं.

असं करत बोट पुढे सरकत होतं
आणि एका चढणीवर
टुणकन उडालं.
तिथे तीन घरं. नावसुद्धा घडीवर आलेलं, अर्धं पुसलेलं.
इथे काय आहे?
इथे थांबा नाही.
थांबा नाही ते दिसतंय. बोट का उडालं?

त्यानं चष्मा काढला. पुसला. परत घातला.
धुकं होतं, म्हणाला, सत्त्याऐंशीचा डिसेंबर,
आस मोडला, अकरा उतारू, एक करडू.
खेनेरोसा नावाच्या बाईनं दार उघडलं,
सगळ्यांना सलगमाच्या पाल्याचं सूप दिलं
आणि मला, मी फारच कुडकुडत होतो,
स्वतःच्या अंगावरचं घोंगडं.
उद्या आणून देतो म्हणालो.
उद्या उशीर झाला होता. परवा पाऊस.
मग आठवडा झाला म्हणून लाज,
वर्ष झालं म्हणून त्याहून जास्त.
रोज दोनदा तिच्या दारावरून गेलो,
नजर रस्त्यावर. नियमच आहे तसा.

तपकिरी. दोन लाल पट्टे.
कंपनीनं दिलं म्हणाला होता,
मीही शेजारणींना तेच सांगत आले.
त्याच्याखाली आमच्या उशीआचा गोवर निघाला,
त्याच्याखाली माझे वडील शेवटचे झोपले.
मी लसणाची एक पाकळी सोलली, काही कारण नसताना.
पहिला मुक्काम तिथे, म्हटलं.
ती असेल का गं अजून?
दार असेल ना.

पाववाल्याच्या गाडीकडून नंबर मिळाला.
खेनेरोसाला जाऊन नऊ वर्षं झाली.
भाचीची मुलगी राहते, साबेला.
वरची एक खोली देते कधीमधी,
खाली गाई, संडास अंगणापलीकडे.
चालेल ना, तिनं तीनदा विचारलं.
रात्री गारठा असतो, जादा पांघरूण काढून ठेवते.
नको, आमच्याकडे आहे, म्हटलं.
'तुमचंच' हा शब्द ओठांपर्यंत आला
आणि तिथेच बसून राहिला.

काल घोंगडं धुतलं.
एवढं पाणी पिईल असं वाटलं नव्हतं;
दोघांनी दोन टोकांना धरून पिळलं,
तो उजवीकडे, मीही उजवीकडे,
मग भांडलो, मग जमलं.
ह्या हवेत लोकर लवकर सुकत नाही.
साबेलाला फोन करून मुक्काम दोन दिवस पुढे ढकललाय.

आज सकाळपासून चौथ्यांदा
तो परसात जाऊन त्यावर तळहात ठेवून उभा राहतो,
बसचं इंजिन निवलंय का बघायचा, तसा.
अजून ओलंच आहे, खिडकीतून मला सांगतो.