क्रमांक चारशे सतरा

विधवेनं हळदीला हात लावायचा नाही,
म्हणून भाचीच्या लग्नात कुंदलता राउत
मागच्या ओसरीत. हुळहुळी तेवढी ऐकू येत होती.

दुसऱ्या सकाळी काठजोडीकाठच्या भातशेतात
गुडघाभर चिखल.
चिमट्यानं एकेका फुलातले सहाही पुंकेसर काढायचे,
परक्या लोंबीचे पराग झटकायचे,
वर कागदी पिशवी, चिठ्ठी:
आई अमुक, बाप तमुक.

दोरा गुंडाळत बिशी बेहेरा विचारतो,
‘दीदी, आज किती लावलीत?’
‘दोनशे बारा.’

टिकली अकरा.
त्यांच्या वंशातलं एक, नाव नसलेलं,
पुरात नऊ दिवस बुडून
उभं राहिलं.

भाचीच्या मुलीच्या लग्नात पंगतीला तोच भात.
कुंदलता मागच्या ओसरीतच.
दोनदा मागून घेतला.