नीळ्ळु

पहिले सहा मासे एका रात्रीत गेले.
नळाला सहाव्या दिवशी पाणी आलं होतं,
पाइप दुरुस्त झाल्यावर येतं तसं,
ब्लीचिंगचा भपकारा मारत.
मी बादली तशीच काचेत ओतली. घाई.
सकाळी सहाही वर, पांढरी पोटं घेऊन.
सुगुणा म्हणाली,
"पाणी बघून घ्यायचं होतं.
तेहतीस वर्षं दुसरं काय केलं तुम्ही?"

खरं होतं.
यंबय्याच्या डायहाउसात
मी हौदात बोट बुडवून जिभेला लावायचो
आणि सांगायचो, ह्यात किरमिजी बसायचा नाही,
टॉवेल कुठं गडद येईल, कुठं फिक्का,
बोअरचं पाणी रंगाशी भांडतं, टँकर मागवा.
मालक मागवायचे.
आता तिथं कुलूप आहे
आणि हौदात सुताच्या रिकाम्या कोनांचा ढीग.

टाकीही तिथलीच. ऑफिसात ठेवलेली,
बाहेरगावच्या पार्टीला दाखवायला.
पगाराचे अडीच हजार राहिले होते,
त्यात ती मिळाली.
हातगाडीवर गोधडीत गुंडाळून
विडी घरकुलापर्यंत आणली,
खड्डा आला की गाडीवाला थांबायचा,
आणि मी काचेवर हात ठेवायचो.

विजापूर वेशीतल्या जाफरनं एक छोटी बाटली दिली.
नळीत पाच मिली पाणी घ्या,
थेंब टाका, हलवा, मोजा,
नारिंगीचा हिरवा होईस्तोवर.
"चाचा, रंग ओळखता येईल ना?"
मी काही बोललो नाही.

बोअर: सत्तावीस थेंब.
तांब्यांना आतून पांढरं पुटं चढतं ते हेच.
नळ: अकरा.
जारचं पाणी पहिल्याच थेंबाला हिरवं,
म्हणजे त्यात काहीच नाही,
इतकं धुतलेलं
की माशानं त्यात जगायचं कशावर.
जाफर म्हणाला टेट्राला सात-आठ पुरे.
मग दोन भाग नळ, एक भाग जार,
आणि नळाचं आधी रात्रभर गच्चीवर, उघडं,
वास जाईपर्यंत.
मे महिन्यात ती बादली
सकाळी नऊलाच चहासारखी तापते,
म्हणून पहाटेच खाली आणायची.

शाळेच्या कुंपणातल्या देशी बदामाची
वाळलेली पानं मी वेचून टाकली त्यात.
दोन दिवसांत पाणी तांबूस.
सुगुणा ओरडली, "घाण केली!"
घाण नव्हती.
हिरड्याच्या काढ्याचा रंग तो,
सुताला रंग धरायला लावणारा,
माझ्या बोटांना ओळखीचा.

आमच्या घरात पाण्याला नीळ्ळु म्हणतात.
लहानपणी मला वाटायचं
नीळ आणि नीळ्ळु एकच,
वडील दोन्हींत कोपरापर्यंत बुडालेले असायचे.

माशांची बादली म्हणजे भांडणच.
सहा दिवसांतून एकदा येणारं पाणी,
दोन पिंपं, चार माणसं,
आणि त्यातलं वीस लिटर नखाएवढ्या जिवांना.
काढलेलं पाणी मी कढीपत्त्याला घालतो,
तेवढ्यानं ती गप्प होत नाही.

मग एका मंगळवारी
तूरडाळ तासभर चुलीवर टणकच.
पिंप संपलेलं, डाळ बोअरवर चढवलेली.
तिनं मला विचारलं नाही,
माशांच्या बादलीतून दोन तांबे घेतले,
पानं न टाकलेल्या,
आणि नवी डाळ चढवली.
वीस मिनिटांत फुटली.
ताटात वाढताना
ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
"किती थेंबांचं होतं हे?"

आता नळाच्या रात्री
आम्ही दोघं नळी घेऊन बसतो.
रंग मी बघतो. मोजणी तिची,
हजार विड्यांत एक इकडची तिकडं न होणारी.
ओकटी, रेंडू, मूडू.
बल्बाभोवती किडे.
गल्लीत कुणाचा तरी पंप हवा ओढतोय.
"एडू," ती म्हणते. "झाला हिरवा."
तिच्या डोळ्यांना झालेला असतो.
मी नळी उजेडासमोर धरतो,
तळाशी अजून केशराची एक रेघ.
"नाही," मी म्हणतो, "अजून एक."
ती बाटली तिरकी करते.
"एनिमिदि."