तीन कुलपं

माझ्या घराला तेव्हा दार नव्हतं.
मक्याच्या पोत्याचा पडदा. मलावी सरोवरावरून वारा सुटला
की सगळ्या वस्तीला आमचं जेवण दिसायचं.
आणि त्या घरातल्या बाईच्या गळ्यात
किल्ली.

पेटी पत्र्याची, निळी. तिला तीन कुलपं.
एक किल्ली नाचिसालेकडे, एक फाइडेसीकडे, एक माझ्याकडे.
पेटी मात्र म्हाताऱ्या एस्नार्टच्या खाटेखाली,
कारण तिला दिसत नाही, तिला मोह कसला, असं ठरलं.
मोह आहे, ती म्हणाली,
किल्ली नाही.

गुरुवारी उसिपा वाळत घातला,
बोटभर लांबीचे चांदीचे मासे, की आम्ही आंब्याखाली बसतो.
हाताला मासळीचा वास, नोटांनाही तोच.
उशिरा आलीस, दंड.
फोन वाजला, दंड.
मध्येच नवऱ्याचं गाऱ्हाणं काढलंस तर दंड नाही,
पण एस्नार्ट हसते, आणि ते जास्त महाग पडतं.

लिहिता येतं दोघींनाच.
म्हणून शिल्लक सगळ्यांनी तोंडपाठ करायची.
कुलपं निघण्याआधी वीसजणी एका दमात म्हणतो:
एक लाख बेचाळीस हजार सहाशे क्वाचा.
आमच्या बोलीत क्वाचा म्हणजे उजाडलं.
इतक्या वेळा उजाडलं,
असंही ऐकू येत असेल रस्त्यावरच्या कुणाला.

लेनिया कर्ज घेऊन जोहान्सबर्गला गेली ती गेलीच.
वहीत तिच्या नावावर कुणी रेघ मारत नाही.

जुलैत म्वेरा वारा सुटला, होड्या आठवडाभर वाळूवर.
एका रात्री फाइडेसीच्या उशाखालची किल्ली घेऊन
तिचा नवरा बवानाली निघाला.
एस्नार्टने पावलांवरून ओळखलं, गप्प पडून राहिली.
एक कुलूप उघडलं.
दोन राहिली.
कोंबडा आरवेपर्यंत तो पेटीसमोर बसून होता, म्हणे.
मग उघडलेलं कुलूप पुन्हा लावलं
आणि जाताना म्हातारीचा माठ भरून ठेवला.

पुढच्या गुरुवारी तो सावलीच्या बाहेर उभा,
टोपी हातात.
होडीची फळी कुजलीय, म्हणाला.
पुरुषाला आमच्यात कर्ज नाही. बायकोच्या नावावर मिळतं,
बायकोने मागितलं तर.
आम्ही फाइडेसीकडे बघितलं.
फाइडेसी सरोवराकडे.
लाटा मोजत असावी, किंवा व्याज.
बऱ्याच वेळाने बोलली:
चाळीस हजार. माझ्या नावावर.
आणि अर्धी होडी माझी. हे वहीत लिही, नाचिसाले,
आता, त्याच्या देखत.

तो काहीच बोलला नाही.
कुणीतरी त्याला उशिरा आल्याचा दंड लावला.

यंदाच्या वाटणीत मी दार आणलं.
जुनं, हिरवं, दुसऱ्याच कुठल्या घराच्या मापाचं,
खाली चार बोटं फट राहते, कोंबडीचं पिल्लू सहज येतं-जातं.
त्याला कुलूप
अजून घ्यायचंय.