तेल्से, दोन दिवसांत काय बघशील

तू विचारलंस,
दोन दिवस आहेत, हांबुर्गात काय बघू?
परक्याला विचारावं तसं,
खाली पूर्ण नावानिशी सही करून.

बरं, ऐक मग.

स्टेशनातून सरळ धक्क्यावर ये.
पितळी बटणांचे बोटवाले हाका मारतील,
त्यांना दाद देऊ नकोस.
बासष्ट नंबरची फेरी धर, बसच्याच तिकिटात
ती फिंकेनवेर्डरला नेते आणि परत आणून सोडते.
वरच्या डेकवर बस. डाव्या हाताला क्रेन दिसतील,
त्यांना जिराफ म्हणू नकोस, सगळेच म्हणतात.
माझा देटलेफ त्यातल्या एकीत एकवीस वर्षं बसला.
खाली उतरला की एवढंच सांगायचा,
वर लघवीची सोय नाही.

रविवार असेल तर पहाटे मासळीबाजार.
वाम विकणारा शिव्या देत विकतो,
त्याच्याकडूनच घे.
साडेनऊला सगळं आटपतं,
मग फरसबंदीवर बर्फ आणि सीगल.

काचेचं संगीतघर बघायचं तर बघ.
खर्च किती झाला ते कुणाला विचारू नकोस,
लोक अजून चिडतात.

मिखेलच्या मनोऱ्यावर सकाळी दहाला
एक माणूस ट्रंपेट वाजवतो,
चार दिशांच्या चार खिडक्यांतून.
दक्षिणेचं कधी ऐकू येतं,
कधी वारा खाऊन टाकतो.

गोदामांच्या कालव्यांत ओहोटीला जाऊ नकोस,
चिखल उघडा पडतो, सायकली दिसतात.
किंवा ओहोटीलाच जा.
विटांवर पाणी कुठवर चढतं
त्याची हिरवी रेघ दिसते.
समुद्र इथून शंभर किलोमीटर,
तरी भरती रोज दोनदा येते, वेळ चुकवत नाही.

आणि नदीखालचा जुना बोगदा.
लिफ्टनं उतरतात, भिंतीवर मातीचे मासे, खेकडे,
डोक्यावरून अख्खी एल्ब जाते आणि कळतही नाही.
सुंदर आहे म्हणतात.
मी कधी उतरले नाही.

दुसऱ्या दिवसाचं काही लिहिलं नव्हतं.
चार दिवस कागद टेबलावर होता,
त्यावर मी कॉफीचा कप ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी लोकलनं विल्हेल्म्सबुर्गला जाऊ.
चार स्टेशनं, मग बस.
बसमध्ये बायका तुर्कीत बोलतील,
कोपऱ्यावर गुलिझारची बेकरी,
दालचिनीचा रोल तिच्यासारखा कुणाचा नाही.
बंधारा आता खूप उंच केलाय.
वर मेंढ्या चरतात. आपली झोपडी होती
तिथे कुणाचा तरी ट्रँपोलिन आहे.
सफरचंदाचं झाड गेलं.

तेल्से, बासष्टच्या त्या फेब्रुवारीत
आईनं आधी तुला छपरावर दिलं, मग मला.
तू बुटांसाठी रडत होतीस.
ती तुझ्या बुटांसाठी परत उतरली
असं तू आत्याला सांगितलंस, रेगेन्सबुर्गला पोचल्यावर,
आणि आत्यानं ते मला पत्रात लिहिलं.
मी उत्तर दिलं नाही.
नऊ वर्षांची होते. नंतर नव्हते.

ती बुटांसाठी उतरली नाही.
खुराड्याची कडी लावलीस का, तिनं मला विचारलं,
आणि मी म्हटलं, लावली आहे.
खरं तर रोज मीच लावायचे.
खाली कोंबड्या ओरडत होत्या.
कडी काढायला गेली ती.

हे बंधाऱ्यावर उभं राहून सांगणार होते,
पण वाऱ्यात माझं बोलणं फुटतं,
आणि तू मेंढ्यांकडे बघत राहशील.

छत्री आणू नकोस, इथे उलटी होते.
रेनकोट आण, आतून ऊब असलेला.
बूट चांगले घाल.
शनिवारी सव्वाअकराला मी धक्का क्रमांक तीनवर असेन,
राखाडी टोपी, हातात फेरीची दोन तिकिटं.
ओळखलं नाही तर मोठ्यानं हाक मार,
डावा कान गेलाय.

वीब्के