बुटांची टोकं

तिसऱ्या मजल्यावर बसायचा तो,
लिएपायाच्या बंदराकडे पाठ करून.
टेबलावर लाल पेन्सिल, मागून चघळलेली,
जिन्यातून वर येणारा उकडलेल्या बिटाचा वास.
नाव विस्वाल्डिस. काम वाचण्याचं.
म्हणजे आम्ही लिहिलेलं नाही, ते वाचण्याचं.

कुणाच्या गोष्टीत कावळा कुंपणावर बसून राहिला,
तर विचारायचा, कुंपण कुणाचं?
"यंदा थंडी लांबली" एवढंच वाक्य
उजेडाकडे धरून बघायचा नोटेसारखं.
म्हणायचा, कुठेतरी पाणी मुरतंय.
आणि मुरत असायचं.
आम्ही सगळेच तेव्हा लेकी बोलायचो, सुनेला लागावं म्हणून.
सून बसलेली असायची पेन्सिल घेऊन.

माझ्या गोष्टीत मात्र काही नव्हतं.
शपथेवर सांगितलं असतं मी.
एक म्हातारी, एक खोली, शेगडी,
दारापाशी मुलाचे रबरी बूट.
दर शनिवारी ती ते पुसते, परत ठेवते.
संपली गोष्ट.

"मुलगा कुठाय?"
मासे धरायला गेलाय.
"अनवाणी?"
दोन जोड होते त्याच्याकडे.

तो हसला.
त्या खोलीत हसू शोभत नव्हतं, त्यानंही लगेच आवरलं.
मग पेन्सिलीचं बोथट टोक एका ओळीवर टेकवून म्हणाला,
"बाकी सगळ्यांचे बूट भिंतीकडे तोंड करून.
याचेच तेवढे दाराकडे.
दारापलीकडे काय आहे तुमच्या गावात?"
समुद्र, मी म्हणाले.
"आणि समुद्रापलीकडे?"

ओळ गेली.
गोष्ट छापून आली, बुटांवाचून.
म्हातारी शनिवारी नुसतीच शेगडी पुसते.
किती शांत लिहिलंय, असं कुणीतरी कळवलं.

पण त्या संध्याकाळी घरी जाताना
माझे हात गार पडले होते, मोज्यांच्या आत.
चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात ओल्गर्ट्स गेला,
रात्री, कुणाच्या तरी होडीतून, गोटलँडच्या दिशेनं.
मी आठ वर्षांची. झोपलेली,
किंवा झोपेचं सोंग घेतलेली.
आईनं पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.
शनिवारी फक्त म्हणायची,
"धूळ फार होते या घरात."
बत्तीस वर्षं मला वाटत होतं
ती धुळीबद्दल बोलतेय.

माझी आई मला वाचता आली नाही.
सरकारी माणसानं वाचली, पगार घेऊन,
आणि खोडली.

पुढे कितीतरी वर्षांनी तो भेटला बाजारात,
धुरावलेल्या माशांच्या ठेल्यासमोर.
सरकार गेलं होतं, पेन्सिल गेली होती.
त्यानंच मला आधी ओळखलं.
"झेंटा गेली," म्हणाला,
भाव वाढल्याचं सांगावं तशा आवाजात.
मग, बराच वेळ माशांकडे बघून,
"रोज रात्री म्हणायची, खिडकी लाव, वारा येतोय.
कित्येकदा पानसुद्धा हलत नसायचं बाहेर.
मी उठायचो. लावायचो. परत येऊन झोपायचो.
वीस वर्षं.
त्या वाक्याखाली कधी रेघ नाही मारली मी."

काय म्हणायचं असेल तिला, असं मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
त्याच्या कोटाचं वरचं बटण काळ्या दोऱ्यानं शिवलेलं,
खालचं निळ्या.

"हा मासा एकट्याला जास्त होईल," तो म्हणाला.
"मला बस गाठायचीय," मी म्हणाले.
"हो, बस," तो म्हणाला, आणि मान डोलावली,
बोट ठेवलेली ओळ
एकदाच, ओळखीखातर, जाऊ द्यावी तशी.

बस साडेसहाला होती.
चौकातल्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.
मी थांब्यावर जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेऊन.
माझ्या बुटांची टोकं कुणीकडे वळली होती,
ती ओळ
माझी मीच खोडलीय.